तानाबाईची हवा

आमच्या गावात वर्षा-दोन वर्षांनी एखादे भंतेजी येतात आणि सांगतात, वैर मनात धरू नका. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावतो. छप्पन साली नागपूरला जाऊन मी धम्म घेतला, घरातले देव वर्धा नदीत सोडले, दारू सोडली, विडीसुद्धा बरीच कमी केली. सगळं जमलं. पण तानाबाई भोईणीच्या वैराची गोष्ट निघाली की माझ्या पोटात अजून थंडावा पडतो. भंतेजींना हे सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो.

मी देवराव. वणीहून आलेला रस्ता पिंपळघाटला नदीपाशी संपतो, तिथे माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बल्ल्या आणि वर टिनाचा पत्रा. समोर उतार, उतारावर घाट, घाटाला भोयांचे डोंगे. पंक्चर काढता काढता मान वर केली की अख्खा घाट दिसतो. त्यामुळे या गोष्टीतलं जवळजवळ सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि निम्म्या गोष्टीत माझा पंप आहे.

तानाबाई म्हणजे काटकुळी, काळीसावळी, तोंडात तंबाखूची गोळी आणि कपाळावर सदा आठी. बोलणं कमी. एखाद्याने रामराम घातला तर ती त्याच्याकडे असं बघायची की रामराम परत घ्यावासा वाटे. नवरा मारोती तिच्या उलट. अंगाने आडदांड, मनाने लोणी. डोहात जाळं टाकताना गाणी म्हणायचा, आणि मासे मिळाले नाहीत तर डोहालाच समजूत घालायचा की होते असं कधी कधी. त्यांना एकच मुलगी, कौसल्या.

आता ठेकेदार. भगवानराव त्याचं नाव. आमच्या गावाजवळच्या डोहाचा मासेमारीचा ठेका दरवर्षी लिलावात तोच घ्यायचा. डोह त्याचा, म्हणजे डोहातला मासा त्याचा. भोयांनी पकडायचा आणि घाटावर त्याच्यापुढे मांडायचा. त्याने एक कायदा करून ठेवला होता. बाजाराच्या दिवशी डोंगा घाटाला लागला की तो हातातल्या वेताच्या काठीने एकेक मासा टोचायचा. शेपटी हलली तर ‘जित्ती’. ठेकेदाराचा वाटा देऊन ती भोयाची, ती त्याने हव्या त्याला विकावी. राजूरच्या खाणीवरचे लोक जिवंत मासळीसाठी घाटावर येऊन उभे राहत. शेपटी हलली नाही तर ‘मुर्दी’. मुर्दी ती सगळी ठेकेदाराची, तिच्यात भोयाला वाटा नाही.

ऐकायला कायदा सरळ वाटतो. गोम अशी की भगवानराव घाटावर यायचा, पिंपळाखाली बाजेवर बसायचा, आणि बसूनच राहायचा. चहा व्हायचा, पान व्हायचं, कोणाच्या तरी बैलाची चौकशी व्हायची. भोयांचे डोंगे उन्हात रांगेने उभे. डोंग्याच्या मध्ये दोन फळ्या ठोकून, डांबर लावून केलेला लहानसा हौद असे, त्यात मासे. हौदातलं पाणी तापायचं. मासे वर यायचे, तोंड उघडझाप करायचे, मग एका कुशीवर व्हायचे. तेवढ्यात भगवानरावाला काठीची आठवण यायची.

कोणी म्हणेल, नदी तर पायाशी आहे, दोन घागरी ताजं पाणी ओतलं की झालं. तिथेच दुसरा कायदा. घाटाला लागल्यावर हौदात थेंबभर पाणी घालायचं नाही. का, तर पाणी ओतण्याच्या मिषाने भोई मासा नदीत सोडतात आणि नंतर चोरून काढतात. असं भगवानराव म्हणायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात कौसल्याचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या गावचा, दोन डोंग्यांच्या घरचा. आमच्या घाटावरच्या भोयांत कुंकवाच्या दिवशी एक रीत असते. मुलीच्या बापाने डोहातली मोठी मासोळी जिवंत धरून आणायची, पितळेच्या घंगाळात घालून मुलाच्या घरी न्यायची. मुलाची आई मासोळीच्या डोक्याला कुंकू लावते आणि तिला परत नदीत सोडते. मासोळी पोहत गेली की मुलगी लक्ष्मीच्या पावलांची. वाटेत मेली तर सोयरीक तिथेच मोडते, मग मुलगी कितीही गुणाची असो. आणि मासोळी पाहिजे कतला किंवा रोहू. मरळ चालत नाही. मरळ बाहेरची हवा खाऊन चिखलातसुद्धा जगते, तिच्या जगण्याला काय किंमत?

मारोतीने त्या दिवशी देखणी कतला धरली. माझ्या दुकानासमोरून डोंगा वल्हवत गेला तेव्हा ओरडून म्हणाला, “देवराव, पाह्य कशी नवरीवानी आहे!” नेमका बाजाराचा दिवस. मासोळी ठेकेदाराला दाखवल्याशिवाय घाटावरून उचलता येत नव्हती, मग ती विकायची असो की सोयऱ्याची. भगवानराव बाजेवर बसला होता. मारोती डोंग्यातून उतरून त्याच्यापुढे गेला आणि हात जोडून म्हणाला, “मालक, पोरीच्या कुंकवाची मासोयी आहे. आधी माही पाहून घ्या.”

चार लोकांत कोणी घाई केलेली भगवानरावाला खपत नसे. त्याने आणखी एक पान लावायला घेतलं.

ऊन चढलं. मासोळी वर येऊन तोंड मिटू-उघडू लागली. मारोती परत गेला. “मालक, एक लोटा पाणी तरी घालू द्या.”

“पाणी माह्यं, मासोयी माह्यी,” भगवानराव म्हणाला. “तुले लयच घाई असन तं फुंका मार. फुंकेनं जगन.”

लोक हसले. आणि मारोती, ते लोणी, खरंच डोंग्यात गेला, गुडघ्यांवर बसला, हौदावर वाकला आणि फुंका मारायला लागला. गाल फुगवून, डोळे बाहेर येईस्तोवर. पाण्यावर तरंग उठत होते. मासोळी त्याच्या तोंडाशी येऊन तोंड उघडत होती. घाटावरचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते, त्यात भोईसुद्धा होते. ठेकेदार हसला की हसायचं असतं. मी दुकानातून ते पाहत होतो आणि हातातला पाना दाताखाली धरल्यासारखे माझे दात करकरत होते.

शेवटी भगवानराव उठला. काठी टोचली. “मुर्दी,” म्हणाला. “वरमायले सांग, कढीत टाक म्हणा.” मग कढीपुरतीही ठेवली नाही. कायद्याप्रमाणे ती त्याची होती, गडी उचलून घेऊन गेला.

सोयरीक मोडली. कौसल्या पुढे केळापूरकडच्या एका बिजवराला द्यावी लागली, तिच्या वयाची पोरं होती त्याला. मारोतीचं नाव पडलं ‘फुंक्या’. मुलं त्याच्यामागे गाल फुगवत चालायची. तो डोंग्यावर जाईना. राजूरला कोळसा भरायच्या कामाला गेला, तिथे गाणी म्हणायची सोय नव्हती. एकोणसाठच्या पावसाळ्यात तापाने गेला. मी मयतीला होतो. मारोतीला नेताना कोणीतरी मागून बोललं, “फुंक्या गेला.” तानाबाईने ते ऐकलं. रडता रडता थांबली, बोलणाऱ्याकडे पाहिलं, आणि मग परत रडली.

तेराव्यानंतर काही दिवसांनी ती माझ्या दुकानापुढे येऊन उभी राहिली.

“देवरावभाऊ, एक इचारू? तोंडाची फुंक अन् तुमच्या पंपाची हवा एकच असते का?”

मला वाटलं, बाईचं दुःखाने डोकं फिरलं. तरी म्हटलं, “हवा ते हवा. कायले?”

“मारोती फुंकून राह्यला होता, तवा मासोयी त्याच्या तोंडाशी येत होती. मी पाह्यलं. फुंक संपली की खाली जाये. फुंकली की वर ये.” तिने तंबाखू थुंकली. “म्हणजे फुंक लागत होती तिले. मारोती चुकला नव्हता. दम कमी पडला त्याचा.”

मी पाना खाली ठेवला. ही गोष्ट सगळ्या घाटाने पाहिली होती आणि कोणाच्या डोक्यात आली नव्हती, माझ्यासुद्धा.

“मंग काय कराचं म्हणतेस?” मी विचारलं.

“त्या मुर्द्या ठेकेदाराच्या तोंडातून काढाचं आहे मले,” ती म्हणाली. “मारोतीची मासोयी घाटाले लागली तवा जित्ती होती, हे त्यानं आपल्या तोंडानं म्हणाचं. सगळ्यांदेखत. बस. दुसरं मले काही नाही पाह्यजे.”

सुडाच्या नावाखाली लोक गंजी जाळतात, विहिरीत काही टाकतात. या बाईला एक वाक्य हवं होतं. तेही मेलेल्या माशाबद्दल. त्या दिवशी मी मनातल्या मनात तिला जय भीम घातला.

दुकानामागे डांबराचं अर्धं कापलेलं पिंप होतं, ते धुऊन आम्ही हौद केला. ती पहाटे लहान मासे धरून आणायची, आणि मग आमचे प्रयोग चालायचे. पहिल्या दिवशी तिने माझा पंप हातात घेण्याआधी त्याच्यावर पाणी शिंपडलं. रीतच होती ती. मी म्हटलं, “तानाबाई, पंप बाटला असन, पण आतल्या हवेचं काय करशीन? ते बाटली तं मासोयी बाटन.” ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी शिंपडलं नाही, आणि आठवडाभराने माझ्या माठातलं पाणी मागून प्याली.

आधी आम्ही लोहाराचा भाता आणून पाहिला. त्यातून हवेबरोबर मूठभर राख आली आणि मासे ठेकेदाराच्या काठीच्याही आधी मेले. मग सायकलचा पंप, त्याला रबरी नळी. हवा भसाभस यायची, बुडबुडे म्हशीने डबक्यात पादल्यासारखे मोठाले, वर येऊन फुटायचे, माशांना त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय मासे मरतच होते, नुसत्या पाण्यात मरायचे त्याहून लवकर. का ते कळेना. तानाबाई एकेका मेलेल्या माशाला काडीने टोचायची आणि भगवानरावाच्या आवाजात म्हणायची, “मुर्दी.” हुबेहूब. त्या आवाजाची रोजची मात्रा ती स्वतःला पाजत होती.

एक दिवस तिने पिंपातलं पाणी बोटाला लावून वास घेतला. “याले फोडणीचा वास येऊन राह्यला.”

आणि माझी ट्यूब पेटली. पंपाच्या आतला चामड्याचा वायसर नरम राहावा म्हणून मी त्याला जवसाचं तेल पाजायचो. प्रत्येक दांड्यासरशी ते तेल नळीतून पाण्यात जात होतं आणि पाण्यावर तवंग धरत होतं. आम्ही माशांना हवा द्यायला बसलो होतो आणि वरून झाकण लावत होतो. वायसर बदलला, पाण्यातच भिजवून नरम केला. त्या दिवसापासून मासे जगायला लागले.

बुडबुडे बारीक करायची युक्ती तिच्या न्हाणीतून आली. पाय घासायला आमच्याकडे खंगर वापरतात, वीटभट्टीत जास्त भाजून भोकाभोकाची झालेली वीट. तिने खिळ्याने खंगराला मधोमध खोल भोक पाडलं, त्यात नळी घातली आणि भोवती लाख वितळवून बुजवलं. पाण्यात सोडून हवा मारली तर खंगराच्या अंगाअंगातून हवा येऊ लागली, ताकावरच्या फेसासारखी बारीक. मासे त्याच्याभोवती गोळा झाले. तानाबाई पिंपाच्या काठावर दोन्ही हात ठेवून बघत राहिली. “मारोतीचं तोंड लहान होतं,” एवढंच म्हणाली.

राहिला प्रश्न दमाचा. पंप मारत बसलं तर दिसतं, ठेकेदार काहीतरी काढणार. आणि हात किती वेळ चालणार? मी खाणीवरच्या एका ड्रायव्हरकडून ट्रकची फाटकी ट्यूब आणली, ठिगळं मारून हवा भरली आणि तोंडाला नळी लावली. हवा हळूहळू निघायची, पण ट्यूब अर्धी झाली की निघायची थांबायची. तानाबाई सरळ जाऊन तिच्यावर बसली. लुगडं सावरून, पाय दुमडून. खंगरातून फेस सुरू झाला.

“देवरावभाऊ,” ती म्हणाली, “तो बाजीवर बसते, मी याच्यावर बसतो. पाहू कोण आधी उठते.”

इतक्यात भोयांच्या पंचांनी डोळे वटारले, कारण तानाबाई मारोतीचा डोंगा आता स्वतः पाण्यात घालू लागली होती. बाईमाणूस डोंग्यात जाळं घेऊन बसलं की डोह आटतो, असं आहे त्यांच्यात. पंच घरी आले. ती विळीवर कांदा कापत होती, उठलीसुद्धा नाही. “आटू द्या,” म्हणाली. “डोह कोणाचा आहे? ठेकेदाराचा. मंग तुमच्या पोटात कायले दुखते?” पंच उठले. निघताना त्यांच्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, “बसून पाह्य मंग.” तोही त्या दिवशी हसलेल्यांतला होता. कोण कोण हसलं होतं याचा हिशोब तिच्याकडे पक्का होता, पण म्हाताऱ्याला तिने त्या दिवशी वजा केलं असावं.

एकसष्टच्या चैत्रात, बाजाराच्या दिवशी, तिने कतला धरली. मारोतीच्या कतलेएवढी नसेल, पण त्याच्या नावाला साजेशी. डोंगा घाटाला लागला तेव्हा भगवानराव बाजेवर आलेलाच होता. हौदावर ओलं पोतं, पोत्याखालून नळी, आणि हौदाशेजारी जुन्या जाळ्याने झाकलेल्या ट्यूबवर तानाबाई बसलेली. मी दुकान उघडं टाकून खाली घाटावर गेलो.

“काय वं तानाबाई,” भगवानराव म्हणाला, “तूबी कुंकवाची आणली का?”

“हो मालक. सवडीनं पाहा. मले घाई नाही.”

तिथेच तो फसला. घाई नाही म्हणणाऱ्याला ताटकळत ठेवायचं कसं? त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ घ्यायचं ठरवलं. चहा झाला. पान झालं. बैलांच्या चौकशा संपल्या, मग म्हशी सुरू झाल्या. बाकीच्या डोंग्यांतले मासे एका कुशीवर झाले. भोई कपाळाला हात लावून बसले. तानाबाई तंबाखू मळत होती. ट्यूब खाली बसली की ती मला हाक मारायची, “देवरावभाऊ, सायकलीत हवा भरा,” आणि मी सगळ्यांसमोर जाऊन जाळ्याखाली पंप घालून चार दांडे मारून यायचो. लोकांना वाटत होतं, बाई आणि सायकलवाला, दोघं मिळून वेडे झाले.

खाणीवरची गिऱ्हाइकं मुर्दी मासळी पाहून, नाकं मुरडून परत गेली. पिंपळाची सावली बाजेवरून सरकली. आता भगवानरावाच्या तोंडावर ऊन आलं. तरी तो उठेना. त्याला वाटलं असेल, आता तर नक्की मेली. मग तो आला. पोतं बाजूला केलं. कतला तळाशी उभी होती, कल्ले सावकाश हलवत, जशी काही तिचीच जहागीर. बाजूला खंगरातून बारीक फेस वर येत होता.

काठी त्याने वर उचलली, पण टोचली नाही. त्याची नजर खंगरावरून नळीवर, नळीवरून तानाबाईच्या बसण्यावर गेली.

“हे काय आहे?” तो ओरडला. “फसवेगिरी! कायदा मोडून राह्यली तू!”

“पाणी घातलं का मी, मालक? इचारा सगळ्यांले.”

“पाणी नाही, पण हे...”

“हे फुंक आहे,” तानाबाई म्हणाली. “तुम्हीच सांगतलं होतं. फुंका मार, फुंकेनं जगन. माह्या मालकाले सांगतलं होतं, इथंच.”

सगळ्यांनी भगवानरावाकडे पाहिलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. तो विनोद चार वर्षं लोकांनी लग्नांत, मयतीत, बाजारात सांगून सांगून पक्का केला होता. शेंबड्या पोरालाही ते वाक्य पाठ होतं. भगवानराव स्वतः पाहुण्यांना सांगायचा.

त्याने काठी काखेत मारली. “आज मले वेळ नाही. उद्या पाहू,” म्हणाला आणि चालू लागला. इतका वेळ बाजेवर बसलेल्या माणसाला वेळ नव्हता.

मला वाटलं, गेलं हातातून. पण तानाबाई उठली. डोंग्यात पितळेचं घंगाळ आणून ठेवलेलंच होतं. तिने कतला पाण्यासकट त्यात घेतली, खंगर आत सोडला, नळीला चिमटा लावला. मी ट्यूब परत फुगवली. घंगाळाचा एक कान तिने धरला, दुसरा धरायला पंचांतला तो म्हातारा पुढे आला. ट्यूब मी डोक्यावर घेतली. आणि आमची वरात ठेकेदाराच्या घराकडे निघाली. एकेक करत सगळे भोई मागे आले. मुर्दी मासळी घाटावरच टाकून आले.

भगवानरावाने दार लावून घेतलं होतं. तानाबाईने घंगाळ त्याच्या ओट्यावर ठेवलं, ट्यूब बाजूला मांडली आणि तिच्यावर बसली. आतून गड्याकरवी निरोप आला, बाई येड्यावानी करू नको. ती बसून राहिली. निरोप आला, पुढच्या बाजारात तुझीच मासोळी पहिली पाहू. ती बसून राहिली. लोक वाढत गेले. मी अधूनमधून दांडे मारत होतो, आणि खरं सांगतो, आयुष्यात इतक्या प्रेमाने मी कोणाच्या सायकलीत हवा भरलेली नाही.

सूर्य कलला. दिवे लागायची वेळ झाली. तिन्हीसांजेला दारात लक्ष्मी यायची असते. अशा वेळी उंबऱ्यासमोर पांढऱ्या कपाळाची बाई ठाण मांडून बसलेली कोणत्या घराला चालेल? आत भांड्यांचा आवाज झाला, मग भगवानरावाची बायको कोकिळाबाई दार उघडून हातात दिवा घेऊन बाहेर आली. तिने घंगाळात डोकावून पाहिलं. तिच्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई, जित्ती आहे हे तं!”

“तुम्ही नका म्हणू, बाई,” तानाबाई म्हणाली. “त्यांले म्हणू द्या.”

कोकिळाबाई आत वळून ओरडली, “या ना बाहीर! एका मासोयीसाठी घरात दिवा लावू देत नाही का?”

भगवानराव आला. काठीने मासोळीला टोचलं. शेपटी अशी आपटली की त्याच्या धोतरावर पाणी उडालं. तो घाईघाईने म्हणाला, “जित्ती आहे. झालं? जा आता घरी.”

लोकांत आनंदाची कुजबुज झाली. मीही पंप खाली ठेवला. तानाबाई हलली नाही.

“आहे नाही, मालक,” ती म्हणाली. “होती म्हणा.”

“कोणती होती?”

“मारोतीची. पोरीच्या कुंकवाची. घाटाले लागली तवा जित्ती होती. तुम्ही बसून मारली.”

भगवानरावाने हसायचा प्रयत्न केला, नेहमी त्याच्या हसण्याला साथ मिळायची तसं आजूबाजूला पाहिलं. कोणी साथ दिली नाही. कोकिळाबाईच्या हातातला दिवा वाऱ्याने फडफडत होता. “म्हणून टाका,” ती दातओठ खात म्हणाली.

तो पुटपुटला.

“आयकू नाही आलं,” तानाबाई म्हणाली. “मी बसतो मंग.”

तेव्हा तो बोलला. मोठ्याने. चिडून, पण शब्द सगळे आले. “मारोतीची मासोयी जित्ती होती! होती, होती! घाटाले लागली तवा जित्ती होती!”

तानाबाई उठली. खंगर पाण्यातून काढला, नळी गुंडाळली. आम्हाला वाटलं, आता ती मासोळी नदीवर नेऊन सोडील, रीत आहे तशी. बायका बाजूला सरून वाट करायला लागल्या. कोकिळाबाई तर कुंकवाचा करंडा आणायला आत वळली होती. तानाबाईने दोन्ही हात घंगाळात घातले, कतला कल्ल्यांत बोटं घालून वर उचलली, आणि ओट्याच्या दगडी पायरीवर ताकदीने आपटली. एकदा. मग परत एकदा. मासोळी थरथरली आणि निपचित पडली.

“आता मुर्दी झाली,” ती म्हणाली. “मुर्दी तुमची.”

पायरीवर, भगवानरावाच्या पायांपाशी, ती तिने ठेवून दिली. ट्यूब खांद्याला अडकवली, घंगाळ कमरेवर घेतलं आणि चालू लागली.

भगवानरावाने गड्याला हाक मारली. गडी भोयांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला होता, तो जागचा हलला नाही. कोकिळाबाईने दिवा आत नेला. अंधारात एवढे लोक पाहत उभे आणि दारात मेलेली मासोळी, तशी ठेवून आत जाता येईना. शेवटी तो वाकला आणि तिला दोन्ही हातांनी उचलू लागला. मासोळी निसरडी होती, दोनदा हातातून सुटली, तिसऱ्यांदा छातीशी धरून तो आत गेला. तानाबाईने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या वाटचं मी पाहून घेतलं, सगळं, दार लागेस्तोवर.